ऑरिन स्कारचं एक हरीण

“हो, ऑरिन स्कारच बोलतोय. दोन दिवस हिंडलो, एक हरीण मारलं. स्वतःच्याच जमिनीवर. झालं?”

आणि फोन आपटला.

व्हर्ना ट्वेट रिसीव्हर कानाला धरून तशीच बसली. चौदा वर्षं ती शिकार खात्यासाठी घरातून फोन करतेय. हंगाम संपला की परवानेवाल्यांची यादी येते आणि जानेवारीभर तेच प्रश्न. किती दिवस हिंडलात? काय मारलंत? कुणाच्या जमिनीवर? मालकाने आत सोडलं का? माणसं दोन मिनिटांत कटवतात. ऑरिन मात्र तासभर सोडायचा नाही. एक्क्याऐंशीचा म्हातारा, बायको गेलेली, मूलबाळ नाही, शेजारी बारा मैलांवर. नऊ वर्षं त्याचं उत्तर ठरलेलं: बारा दिवस, हरणं शून्य.

“बारा दिवसांत एकही नाही?” ती चिडवायची. “नेम धरता की डोळे मिटता?”

“बंदूक जड होते गं पोरी. काठी घेऊन जातो.”

ती हसायची. म्हातारा थट्टा करतोय, दुसरं काय!

यंदाचा आवाज घोगरा होता. सर्दी असेल. पण चार वाक्यांत आटपणारा ऑरिन? छे! तिला काही चैन पडेना.

शनिवारी सकाळी नव्वद मैल गाडी हाकत ती त्याच्या रानाशी पोचली. कुंपणाचे खांब ताज्या नारिंगी रंगाने रंगवलेले. आमच्या मोंटानात नारिंगी खांब म्हणजे पाटीच: आत पाय टाकायचा नाही. आणि ऑरिन तर दार ठोठावील त्या शिकाऱ्याला कॉफी पाजून रानात सोडणारा!

फाटकाला कुलूप होतं. हॉर्न ऐकून ऑरिनचा पुतण्या लायल बाहेर आला.

“काका ॲरिझोनाला गेलेत. थंडी सोसत नाही त्यांना.”

“कधी गेले?”

“ऑक्टोबरात.”

“मंगळवारी मी ह्याच घरच्या फोनवर त्यांच्याशी बोलले.”

लायल घुटमळला. “मधे येऊन गेले.”

“तिथला नंबर दे.”

“तुम्ही कोण लागता हो त्यांच्या?”

खरंच, कोण लागत होती ती? वर्षातून एकदा येणारा फोन. गाडीत बसल्यावर तिला रडूच आलं.

लोकांनी दिलेली उत्तरं शिकारीचे कायदे राखणाऱ्या वॉर्डनला सांगायची नाहीत, हा खात्याचा पहिला नियम. चौदा वर्षांत तिने तो त्या दुपारी पहिल्यांदा मोडला. तासाभरात वॉर्डन मार्लिन ग्रॉस तिच्यासोबत फाटकाशी उभा होता.

“लायल, काकांनी हरीण मारलं म्हणे?”

“हो. नोव्हेंबरात.”

“ऑक्टोबरात तर ते ॲरिझोनाला गेले होते ना?”

“मग... मी मारलं असेल.”

“त्यांच्या परवान्यावर? वा! बस गाडीत. बंदूक जप्त, परवाना रद्द, पुढचं कोर्टात.”

“अहो, कुणीच नाही मारलं!” लायल ओरडला. “काकांकडे बंदूकच नाही. काकू गेल्या तेव्हाच विकली. बाईंनी फोन ठेवावा म्हणून मी काहीतरी ठोकून दिलं!”

“काका बनून बोललास तू,” व्हर्ना म्हणाली. “नाहीतर मी रोज फोन केला असता. ते ॲरिझोनाला गेलेच नाहीत. हे खांब ते जिवंत असेपर्यंत कुणाला रंगवू देणार नाहीत. रान कुणाला दिलंस?”

लायलची मान खाली गेली. परगावच्या शिकाऱ्यांना फिरवणाऱ्या एकाला त्याने रान भाड्याने दिलं होतं, काकांच्या नावाने स्वतःच सही ठोकून. काका ऐकेनात, म्हणून त्यांना भ्रम झालाय असं सांगून तीन तासांवरच्या वृद्धाश्रमात टाकलं. फोनही काढून घेतला.

“पण बाई, एक हरीण तर सगळेच मारतात,” मार्लिन म्हणाला. “तुम्हाला खटकलं कसं?”

“म्हणूनच त्याला वाटलं, खपून जाईल. मला नऊ शून्यं पाठ होती.”

“बंदूक नाही, तर म्हातारा दरवर्षी परवाना कशाला काढायचा?”

व्हर्नाला ते आत्ता, तिथे उभ्या उभ्या उमगलं.

“परवाना नाही तर यादीत नाव नाही,” ती म्हणाली. “यादीत नाव नाही तर माझा फोन नाही.”

मार्लिनने टोपी काढली आणि मग लायलला गाडीत बसवलं.

अंधार पडता पडता व्हर्ना आश्रमात पोचली. खिडकीशी बसलेल्या उंच म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तिचा चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता.

“ऑरिन, मी आहे.”

आवाज ऐकताच तो उठून उभा राहिला. “व्हर्ना? अगं, एवढीशी आहेस होय तू!” मग कावराबावरा झाला. “घरी वाट बघत असतील तुझी.”

“कुणी नाही बघत. तुमचा नंबर मी मुद्दाम शेवटचा ठेवते. त्यानंतर कुणाशी बोलायचंच नसतं मला.”

“मग बाकीचे अकरा महिने का नाही केलास फोन, वेडे?”

खुंटीवरचा कोट काढून तिने त्याच्या खांद्यांवर घातला आणि गाडीची किल्ली हातात घेतली.