खिडकीकडचा भार

मागच्या अंगणाला लागून असलेल्या खोलीत त्याने हळूहळू आपला छोटा कारखाना थाटला होता. एक जुनी लेथ, एक ड्रिल, जाड लाकडाचं टेबल आणि टेबलाच्या टोकाला, खिडकीशी, एक उंच स्टूल. दिवसभर पंपांच्या कारखान्यात लेथ चालवायची आणि घरी येऊन पुन्हा लेथच. बायको थट्टेने म्हणायची, "सुताराने स्वप्नातही रंधाच मारावा, तसं झालंय तुमचं."

ही थट्टा बंद होऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी तापाने गेली. घरात कुठे म्हणून टिकायची नाही, त्यामुळे सगळे तिला भिंगरीच म्हणत. टिकायची ती फक्त त्या स्टुलावर. बापाने तिला एक लहानसं, खरोखर चालणारं इंजिन करून द्यायचं कबूल केलं होतं. ती गेली तेव्हा त्या इंजिनाचं चाक तेवढं तोलायचं राहिलं होतं.

त्यानंतर बायकोने त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. घरातलं बोलणंही कामापुरतं उरलं. "पान वाढलंय." "आलो." एवढंच.

एका सुट्टीच्या सकाळी त्याने ते चाक हातात घेतलं. बिडाचं, ताटाएवढं. अशा चाकाची एक बाजू जराशी जरी जड राहिली, तरी वेगात ते थरथरतं आणि सगळं यंत्र खिळखिळं करतं. म्हणून एका लाकडी घोडीवर दोन पोलादी पाती धार वर करून, अगदी एका पातळीत बसवायची आणि चाकाचा दांडा त्यांच्यावर आडवा ठेवायचा. जड बाजू आपसूक खाली येते. तिथलं थोडं लोखंड ड्रिलने कोरून काढायचं आणि पुन्हा ठेवून बघायचं. ठेवाल तिथे चाक स्वस्थ राहिलं, की तोल साधला. संध्याकाळपर्यंत त्याने तो साधला. कितीतरी दिवसांनी त्याला जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्याने सहज चाक पात्यांवर ठेवलं. ते क्षणभर थांबलं, मग हळूच गडगडत खिडकीच्या बाजूला गेलं आणि पात्यांच्या टोकाला लावलेल्या अडसराला टेकलं. टक.

त्याने चाक अर्धं फिरवून ठेवलं. पुन्हा खिडकीकडेच. जड बाजू चाकात असती तर चाक फिरवल्यावर ती बाजूही फिरली असती. म्हणजे पाती उतरती झाली असणार. त्याने लेव्हल लावली. काचेतला बुडबुडा बरोबर मधोमध, हलायला तयार नाही. त्याने पात्यांची घोडी उलटसुलट करून पाहिली. टक. खिडकीकडेच.

ज्यांच्या हाताखाली तो शिकला, ते निवृत्त फोरमन दोन गल्ल्या सोडून राहत. ते आपली लेव्हल घेऊन आले.

"तुझं टेबलच वाकडं असेल रे," ते हसत म्हणाले.

टेबल वाकडं नव्हतं. त्यांनी घोडी अंगणात नेली. तिथे चाक ठेवाल तिथे मुकाट राहिलं. खोलीत आणलं की चाललं खिडकीकडे. फोरमन बराच वेळ चाकाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिडकीकडच्या कडेवर हात फिरवला आणि शेकल्यासारखा मागे घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. इथे बसत होती का रे ती?"

"हो. मी एखादं चाक असं तोलत असलो की हळूच कडेवर बोट दाबायची आणि म्हणायची, बाबा, इकडे जड आहे बघा. मी फसायचो."

फोरमननी चहा अर्धाच घेतला. लेव्हल तिथेच विसरून गेले, ती न्यायलाही पुढे कधी आले नाहीत.

त्याने मग आपल्या पद्धतीने शोध चालवला. चाकाच्या दुसऱ्या कडेला मेणाची गोळी चिकटवली. बोराएवढं मेण लावलं, तेव्हा कुठे चाक थांबलं. भार किती, ते कळलं. कशाचा, ते कळेना.

गोळी काढली. टक.

"तो आवाज कसला आहे?"

बायको दारात उभी होती. हाताला पीठ लागलेलं. त्याने चाक पुन्हा ठेवलं. ते खिडकीकडे गेलं. ती उंबरा ओलांडून आत आली, जवळ येऊन वाकली.

"बोट ठेवलंय तिने," ती म्हणाली. "राहू दे तसंच. कोरू नका."

तेव्हापासून रोज सकाळी ती दोघांचा चहा घेऊन तिथे यायची. स्टुलावर बसायची नाही, शेजारी उभी राहायची. चाक ठेवायचं, ते खिडकीकडे जायचं, ती मान हलवायची. मग ती बोलायला लागली. आधी मुलीबद्दल, मग इकडचं तिकडचं. एकदा तर हसलीही. त्याला वाटलं, देव पावला.

पण ती नसताना तो मेण लावून बघत असे. बोराएवढं लागणारं मेण वाटाण्याएवढं पुरायला लागलं. मग मिरीएवढं. चाक आता रेंगाळत, वाटेत थबकत जाई.

एका सकाळी ते गेलंच नाही. ठेवलं तिथे राहिलं. इतका सुरेख तोल त्याच्या हाताला आयुष्यात साधला नव्हता. स्वयंपाकघरात कपबश्या वाजल्या. त्याने घाईघाईने पितळेची एक पातळ पट्टी घोडीच्या पायाखाली सरकवली.

बायको आली. चाक खिडकीकडे गेलं. टक. ती समाधानाने चहा प्यायली.

जन्मभर केसाएवढा फरक ज्याने खपवून घेतला नाही, तो माणूस त्यानंतर रोज ती पट्टी सरकवत राहिला.

एके दिवशी कप ठेवता ठेवता ती वाकली. बोटाने पट्टी बाहेर ओढली. चाक जागच्या जागी उभं राहिलं.

"कधीपासून?"

"पाऊस थांबला तेव्हापासून. तुझ्यासाठीच गं."

"मला ठाऊक होतं."

"मग रोज येत का होतीस?"

"तुम्ही एकटे असता म्हणून," ती म्हणाली. "ती इथे नाहीये आता."

त्याने टेबलावर डोकं टेकलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणी रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती मात्र रडली नाही. मुलगी गेली कुठे, हे त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं आत येईपर्यंत दोघं झोपली होती. मग तो आपल्या कडेने पलंगावरून उतरला, ती आपल्या.

गादी स्पंजची. दोन्ही कडांनी ती वर आली.

मधला खळगा वर आला नाही.

तो बघत उभा राहिला. बायकोने तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प केलं. मग वाकून, आवाज न करता, तिने पांघरूण त्या खळग्यावर पसरलं.

पांघरूण खळग्यात बसलं नाही. मधोमध उंच राहिलं.