चौदा नंबरच्या पेटीवर

मयताच्या घरून निघालं की सरळ कुणाच्या दारात जायचं नाही, एवढं फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वाटेत कुठेतरी थांबायचं. बेकरीत पाव घ्यायचा, नाहीतर बाजारात उगाच एक चक्कर मारायची. म्हणजे मागे लागलेला माणूस तिथेच रेंगाळतो आणि आपण मोकळे होतो. याला आम्ही पगपग म्हणतो, झटकून टाकणं. मी आयुष्यभर पाळत आलो. चुकलो तो एकदाच, आणि तेही भर दुपारी, एका म्हातारीचं इंटरनेट चालू करायला जाताना.

तेव्हा आमच्याकडे फायबर आलं नव्हतं. टेलिफोनची जी तांब्याची तार घरात येई, तिच्यातूनच इंटरनेटही येई. मी टेलिफोन कंपनीत लाइनमन होतो आणि माझे जोडीदार होते बर्तिंग. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना तातय म्हणत. तातय म्हणजे बाप. माझे सख्खे नव्हते, पण काम मला त्यांनीच शिकवलं, शिव्या घालत आणि स्वतःच्या डब्यातला भात खाऊ घालत.

आमचं काम दोघांचं. एकाने गिऱ्हाइकाच्या घरी थांबायचं, दुसऱ्याने रस्त्यावरच्या लोखंडी पेटीपाशी, जिथे सगळ्या वस्तीच्या तारा येऊन मिळतात. दोघांनी आपापल्या टोकाला टेस्टफोनचे चिमटे लावायचे आणि नखाने वाजवायचं. तीनदा वाजवलं की 'आहे मी, बोल.' दोनदा वाजवलं की 'थांब, मी तिकडे येतोय.' आणि काम संपलं की घरातल्याने सांगायचं, 'झालं, घरी जा.' हे ऐकल्याशिवाय तातय पेटी सोडत नसत. एकदा मी गिऱ्हाइकाकडे शेवया खात बसलो आणि सांगायचंच विसरलो. दोन तासांनी जाऊन पाहतो तर म्हातारा रणरणत्या उन्हात पेटीला टेकून उभा. ओरडले नाहीत. "जेवण झालं ना नीट?" एवढंच म्हणाले. त्याची लाज मला अजून वाटते.

ते गेले छातीत कळ येऊन, झोपेत. आमच्यात मयत आठवडाभर घरात ठेवतात, लोक येतात, पत्ते खेळतात, कॉफी पितात. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिथेच होतो. शवपेटीच्या काचेखाली तातय पांढऱ्या शर्टात अगदी व्यवस्थित दिसत होते, हयातीत कधी दिसले नाहीत इतके. शर्टाच्या खिशात एक किल्ली होती, निळी पट्टी गुंडाळलेली. चौदा नंबरच्या पेटीची.

"ती त्यांच्याबरोबरच जाऊ दे," त्यांची बायको लुर्दिंग म्हणाली. "तीस वर्षं उशाखाली घेऊन झोपले. मला वाटायचं, पेटीत सोनं ठेवलंय." मग तिने माझ्या हातात त्यांचे कामाचे बूट दिले. "हे तू ने, तोतो. तुझ्या मापाचे आहेत. मेलेल्याच्या पायात ठेवू नयेत, पावलं घरात वाजत राहतात."

पोराच्या वयाच्या कुठल्याही पुरुषाला आमच्याकडे तोतो म्हणतात. तातयही मला तेच म्हणायचे. मला एकदम भरून आलं, म्हणून मी बाहेर आलो, आणि तेवढ्यात फोन वाजला.

नानय कोन्सिंगचा होता. नानय म्हणजे आई, म्हाताऱ्या बायकांना सगळेच असं म्हणतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी, समुद्राकडच्या टोकाला राहणारी, मुलगा जोव्हर्ट जहाजावर खलाशी. "नऊ दिवस झाले रे इंटरनेट बंद होऊन. रोज सांगतात, येतोय, येतोय. आज जोव्हर्टचं जहाज डर्बनला लागलंय. चार ते पाच, एकच तास मिळणारे त्याला. त्याच्या हाताला लागलंय म्हणे."

"मोबाइलवर बोल ना नानय त्याच्याशी."

"बोलले. म्हणतो, जरासं लागलंय." ती थांबली. "याच्या बापाच्या वेळी कंपनीचा माणूस फोनवर हेच म्हणाला होता. जरासं लागलंय. मग एकदम शवपेटीच आली घरी. मला नुसता आवाज नको, तोतो. मला तो हात बघायचाय."

घड्याळात पावणेतीन झाले होते. तिचं घर नऊ किलोमीटर, रस्ता सगळा खड्ड्यांचा. मी बूट नाड्यांनी मोटरसायकलच्या हँडलला बांधले आणि निघालो. बेकरी डाव्या हाताला आली. ताज्या पावाचा वास आला. थांबायला दोन मिनिटं पुरली असती, पण मी थांबलो नाही.

नानयच्या फाटकावर तिचा कुत्रा टिसोय नेहमीप्रमाणे माझ्यावर धावून आला. हे बेणं पाद्र्यालाही चावलेलं. तातय तेवढे त्याचे लाडके, कारण ते पावाच्या कडा खिशात घालून आणायचे. त्यांना बघून त्याचं शेपूट थांबायचं नाही. आज मात्र तो माझ्यावर भुंकता भुंकता मध्येच गप्प झाला, माझ्या मागे रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, आणि बाकाखाली जाऊन बसला.

"बर्तिंग कुठाय?" नानयने पहिला प्रश्न हाच केला.

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि त्या घटकेला, त्या चेहऱ्याकडे बघून, मलाही ते सांगवेना. "दुसरीकडे कामावर आहेत," मी म्हणालो.

राउटर टेबलावर होता, क्रोशाच्या रुमालावर, देवघरातल्या मूर्तीसारखा. शेजारी लॅपटॉप उघडून ठेवलेला. राउटरचा लाइनचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तो स्थिर होत नाही तोवर काही खरं नसतं. मी बंद करून चालू केला. तारेच्या तोंडाची पांढरी डबी बदलली. नवी वायर लावली. टेलिफोन काढून टाकला. शेवटी राउटर उचलून बाहेर भिंतीवर, जिथे तार खांबावरून घरात शिरते, तिथे थेट जोडून बघितला. दिवा लुकलुकतच राहिला. टेस्टफोन लावून कानाला लावला तर तापल्या तेलात पाणी पडावं तशी तडतड. म्हणजे घरात दोष नव्हता. पेटीत पाणी शिरलं होतं.

चौदा नंबरच्या पेटीत.

मी ऑफिसला फोन केला. "सगळे मयताला गेलेत," तिकडून कारकून म्हणाला. "आणि पेटीची दुसरी किल्ली गेल्या वर्षीच हरवली. एक तातयच्या खिशात आहे, काचेखाली. जा, माग त्यांच्याकडे." आणि हसला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

चारला दहा मिनिटं कमी होती. आत नानय केस विंचरून, कपाटातला ठेवणीतला झगा घालून लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर काहीच नव्हतं, तरी ती त्याच्याकडेच बघत होती. वारा पडला होता. नारळाचं एक पान हलत नव्हतं. मी त्या भिंतीपाशी उभा राहिलो, टेस्टफोन कानाला, आणि काय करावं ते कळेना. हात मात्र सवयीने चालला. नखाने तीनदा वाजवलं.

तडतड चालूच होती. मग तिच्या पलीकडून, लांबून, उत्तर आलं.

टक. टक. टक.

मला आधी आनंदच झाला. म्हटलं, ऑफिसातला कुणीतरी गेला बाबा पेटीवर. "कोण... कोण आहे रे? डोमिनिक?"

 एक खोकला आला. सिगारेट ओढणाऱ्याचा, शेवटी घशात अडकून राहणारा. पंधरा वर्षं मी तो खोकला ऐकत आलो होतो.

भर उन्हात माझ्या मानेवरचा घाम गार झाला. टेस्टफोन सोडून द्यावा असं वाटलं, पण बोटं उघडेनात. तारेत काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला. एक चिमटा सुटला, दुसरीकडे बसला. आणि तडतड थांबली. इतकी स्वच्छ शांतता मी त्या तारेवर कधी ऐकली नव्हती. तिच्यात कुणीतरी श्वास घेत होतं.

"दिवा बघ, तोतो..."

मी मान वळवली. हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला.

त्यानंतर मी काय केलं ते मला धड आठवत नाही. राउटर आत नेला, जागेवर लावला, आणि बरोबर चार वाजून तीन मिनिटांनी पडद्यावर जोव्हर्टचा चेहरा आला. काळवंडलेला, दाढी वाढलेली, हसणारा.

"नानय! ऐकू येतंय का?"

"हात दाखव," नानय म्हणाली.

"अगं, कशी आहेस, जेवलीस का..."

"हात दाखव आधी!"

त्याने हात वर केला. मनगटापर्यंत बँडेज होतं. बोटं उघडी होती, भाजून लाल झालेली. "हलव," ती म्हणाली. त्याने एकेक बोट हलवलं. ती मोठ्याने मोजत होती. पाचवं हललं तेव्हा तिने पडद्यावर तळहात ठेवला आणि हंबरडा फोडला. तो तिकडे रडायला लागला, मी इकडे. मग दोघं एकमेकांना रागवायला लागले, जेवणावरून, औषधांवरून, न कापलेल्या केसांवरून. तासभर मी त्या खोलीच्या कोपऱ्यात बसून होतो, आणि भीती कुठल्या कुठे गेली होती.

पाचला जहाजाची वेळ झाली. जोव्हर्ट पडद्यावरून गेला. नानयने डोळे पुसले आणि विचारलं, "बर्तिंगला कळवलंस का रे, झालं म्हणून? नाहीतर तो उभा राहील बिचारा."

 तासभर. मी पुन्हा विसरलो होतो.

बाहेर जाऊन चिमटे लावले.  "झालं, तातय," मी म्हणालो. "झालं सगळं. हात ठीक आहे. घरी... घरी जा आता."

 मग नखाने वाजवलं गेलं. दोनदा.

थांब, मी तिकडे येतोय.

ही त्यांची जुनी खोड. अवघड काम असलं की स्वतः येऊन स्थिर दिवा बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. पेटीपासून इथवर सायकलवर पंधरा मिनिटं लागत. माझी मोटरसायकल फाटकाशी होती. किल्ली खिशात होती. पण मी पळालो असतो तर ते इथेच आले असते, या घरात, जिथे ही म्हातारी एकटी होती. आणि त्यांना इथवर आणलं होतं कुणी? मीच, बेकरीवर दोन मिनिटं न थांबता. मी पायरीवर जाऊन बसलो.

नानय आतून कॉफी घेऊन आली. "घाम किती आलाय तुला," म्हणाली. मी घड्याळ बघत होतो. बारा मिनिटं. चौदा.

टिसोय बाकाखालून बाहेर आला. भुंकला नाही. फाटकापाशी गेला, वर बघितलं, आणि त्याचं शेपूट हलायला लागलं.

"आला बघ," नानय खिडकीतून म्हणाली. तिचा आवाज खुशीत होता. "ये रे बर्तिंग, ये आत. दिवा लागलाय. अरे, आणि या तापल्या रस्त्यावरून अनवाणी कसा आलास तू? पाय भाजले असतील."

मी मान वर केली नाही. फाटकाची कडी वाजली नाही, माझ्या शेजारून पायरी चढताना पाऊल वाजलं नाही. फक्त टिसोयचं शेपूट कुणाच्या तरी मागे मागे हलत आत गेलं, टेबलापर्यंत. तिथे ते थोडा वेळ थांबलं. मग तसंच हलत बाहेर आलं, फाटक ओलांडलं, आणि माझ्या मोटरसायकलच्या मागच्या सीटपाशी जाऊन उभं राहिलं.

"बोलला नाही काही आज, दमलाय," नानय म्हणाली. "जाताना त्याला घरी सोड हो, तोतो. लुर्दिंग वाट बघत असेल."

 त्या माणसाने माझ्यासाठी दोनदा उन्हात वाट बघितली होती. मी हँडलच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि मागच्या बाजूला, दोन पायदाणांवर एकेक करून नुसते ठेवले. न बांधता. गाडी चालू केली. बेकरी आता उजव्या हाताला आली. दिवे लागत होते, पावाचा वास येत होता. मी थांबलो नाही.

लुर्दिंगच्या दाराशी पोचल्यावर मी उतरलो आणि पहिल्यांदा मागे बघितलं. नऊ किलोमीटरचा रस्ता, सगळा खड्ड्यांचा. एकही बूट पडला नव्हता.