विमानभर एक कान

"विमानात मिळणारे हेडफोन कान दुखवतात, स्वतःचे आणा," असं सहलीआधीच्या बैठकीत सांगून सांगून सहलीची मार्गदर्शक सुनेत्रा दळवीचा घसा बसला होता. शेवटी सहल कंपनीनं टोपी आणि बॅगेबरोबर प्रत्येकाला बिनतारी हेडफोनच भेट दिले. आणि आता मेलबर्नला निघालेल्या विमानात तिच्या गटातली झाडून सगळी ज्येष्ठ मंडळी विमानाचेच तारवाले हेडफोन लावून सिनेमे बघत होती. भेटीचे हेडफोन खोक्यात, प्लॅस्टिकसकट, पिशव्यांच्या तळाशी. नातवंडांसाठी! नवी कोरी वस्तू लगेच वापरायला काढली तर ती मराठी माणसाची पिशवी कसली?

श्रीलंका मागे पडली आणि भर दुपारी सगळ्यांच्या पुढ्यातले पडदे एकदम थांबले. वैमानिकाचा आवाज आला. वादळात फुटलेल्या होडीतले सहा मच्छीमार खाली समुद्रात कुठेतरी तरंगत होते. प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटमध्ये 'हाकाऱ्या' होता. जिवंत माणसाच्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रेडिओची एक बारीक लहर सोडणारं यंत्र. पण त्यांच्या बॅटऱ्या संपत आल्या होत्या आणि उपग्रहाला त्यांची हाक पोचत नव्हती. एक जहाज मदतीला निघालं होतं, फक्त जायचं कुठे ते त्याला कळत नव्हतं. ज्यांच्याकडे स्वतःचे बिनतारी हेडफोन असतील त्यांनी ते आपापल्या पडद्याशी जोडावेत, विमान या टापूवर जेमतेम पाव तास असेल, असं सांगून वैमानिक थांबला.

"ऐकायच्या वस्तूनं माणूस कसा गं सापडायचा?" इचलकरंजीच्या चौगुले काकूंनी विचारलं.

"काकू, बिनतारी हेडफोनमध्ये छोटा रेडिओ असतो," सुनेत्रा घाईनं म्हणाली. "एकट्या हेडफोनला नुसती खरखर कळते. पण प्रत्येकाची खरखर वेगळी आणि हाक मात्र सगळ्यांकडे एकच. विमानाचा संगणक सगळ्यांचं ऐकलेलं एकत्र करतो. मग खरखर एकमेकींना खोडते आणि हाक तेवढी उरते. समूहकर्ण म्हणतात त्याला."

"म्हंजे आरतीसारखं. एकेकाचं बेसूर, पण सगळ्यांचं मिळून ब्येस."

"अगदी तसंच! काढा ना तुमचे."

"एवढं लोक हाईत की विमानात. माझ्या एकटीच्यानं काय हुतंय?"

दुर्दैव असं, की गटातल्या प्रत्येकाचं हेच म्हणणं होतं. इतर काही प्रवाशांनी आपापले हेडफोन जोडले आणि त्यांनी मिळून ऐकलेलं आता विमानातल्या सगळ्या कानांत वाजू लागलं. आधी तव्यावर पाणी शिंपडावं तशी चरचर. मग तिच्या आतून, खूप लांबून, एक ठोका. पुन्हा एक.

पडद्यावर निळ्या समुद्रात एक ठिपका उजळला. थोड्या वेळानं दुसरा ठोका वेगळा निघाला, घाबऱ्या घाबऱ्या धावणारा. मग तिसरा. आणि तिथेच सगळं अडलं. उरलेले तिघे गेले होते, की ऐकायला कान कमी पडत होते?

चौगुले काकू पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी ओढली, खोकं काढलं, प्लॅस्टिक नखानं निघेना तेव्हा दातानं फाडलं. "नातवाला दुसरं घिऊ," त्या कुणालाच उद्देशून म्हणाल्या आणि मागे वळून ओरडल्या, "ओ पाटणकर, ओ मांजरेकरबाई! फाडा की आता, बघत काय बसलाय?"

विमानभर प्लॅस्टिक फाटल्याचा आवाज उठला. सुनेत्रा रांगारांगांतून धावत हेडफोन जोडून देत होती. आसनामागून आसन कान उघडत गेलं तशी खरखर विरत गेली आणि चौथा ठोका आला. पाचवा आला. सहावा फार उशिरा आला, इतका मंद की दोन ठोक्यांमध्ये माणसं श्वास धरून बसत होती. दहा किलोमीटर खाली, त्या अफाट पाण्यात, सहा अनोळखी काळजं चालू होती आणि ती या सगळ्यांच्या कानांत वाजत होती. सुनेत्राला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

जहाजाला ठिकाण कळलं. ते वळल्याचं वैमानिकानं सांगताच टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक पडद्यांवर सिनेमे परत लावू लागले. कुणी हेडफोन काढून पुसू लागलं, कुणी ते जपून खोक्यात घालू लागलं.

काकूंनी मात्र हेडफोन काढले नव्हते, सिनेमाही लावला नव्हता. कपाळाला आठ्या घालून त्या तशाच बसल्या होत्या.

"सुनेत्रा, सहाच म्हणाला न्हवं त्यो?"

"हो काकू. सहाच होते होडीत."

"मग ह्यो कोन?"

सुनेत्रानं आपले हेडफोन कानांवर दाबले. सहा ठोके मागे पडत चालले होते. त्यांच्यापासून दूर, पुढच्या बाजूला, आणखी एक होता. बारीक, संथ, अजिबात न थांबणारा. तिनं धावत जाऊन हवाई परिचारिकेला सांगितलं. वैमानिकाचं उत्तर लगेच आलं: या भागात दुसरी कुठलीही होडी हरवल्याची नोंद नव्हती. म्हणजे त्या माणसाला कुणी शोधतच नव्हतं. पडद्यावर सातवा ठिपका क्षणभर उजळला, थरथरला आणि पुसट झाला, कारण मागच्या रांगांमधले हेडफोन एकेक करून सिनेमाकडे परतत होते.

काकू पट्टा सोडून मधल्या वाटेत उभ्या राहिल्या.

"आवो, काढू नका कुनी!" त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या. "आजून एक जन हाय खाली. तुमास्नी ऐकू येत न्हाई का?"