रिकाम्या हातानं खिडकीशी

टूलरूमचं दार ढकलायला दोघांचे हात एकाच वेळी पुढे आले, आणि त्याच्या हातातला होल्डर पडता पडता वाचला. लोखंडाचा तो जड तुकडा, टोकाला कटर बसवलेला. पण त्यानं तो छातीशी असा कवटाळला, जणू तान्हं बाळच. तिला हसू आवरेना. तोही हसला, मग एकदम शहाण्यासारखा चेहरा करून म्हणाला, "मॅडम, मी पाच अक्षांच्या, त्या डोकं कलवून कापणाऱ्या मशीनवर नवीन आलोय. मला एक... कागद मिळेल का? पातळसा."

"कागद? अर्ज लिहायचाय?"

"नाही, कटरची लांबी घ्यायचीय."

त्याच्या आधीच्या कारखान्यात साधी मशीनं होती. तिथे कटर हळूहळू कामावर उतरवायचा, मध्ये कागदाचा कपटा सरकवत राहायचा आणि कपटा अडला की टेकला म्हणायचं. इथे मात्र लांबी मोजायला वेगळं यंत्र होतं, आणि त्या यंत्रावर ती. केसाएवढा फरकही तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून सगळे तिला मायक्रॉनताई म्हणत. तिनं होल्डर यंत्रात बसवला. पडद्यावर कटरच्या टोकाची सावली उमटली, शेजारी आकडा आला. होल्डरच्या बैठकीपासून कटरच्या टोकापर्यंतची ही खरी लांबी, हीच मशीनला सांगायची, असं तिनं समजावलं. तो मान डोलावत राहिला. पडद्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

त्या दिवसापासून कारखान्यात त्याचं नाव पडलं कागदवाले. ठेवणारे अर्थातच मामा. मामा म्हणजे तिच्या आईचे सख्खे भाऊ आणि कारखान्याचे सुपरवायझर. त्यामुळे अख्ख्या कारखान्याचेच मामा. त्यांचा एक कडक नियम होता. टूलरूमच्या खिडकीशी रिकाम्या हातानं कुणी उभं राहायचं नाही.

कागदवाले कधीच रिकाम्या हातानं आले नाहीत. सकाळी एक कटर, दुपारी दुसरा, चहाच्या आधी तिसरा. तिनं सावली बघायची, आकडा सांगायचा... आणि त्यानं, "पुन्हा एकदा बघता का?" म्हणायचं. तिलाही ती पावलं ओळखू येऊ लागली. पावलं आली की ओढणी उगाच नीट व्हायची.

एकदा चहाच्या वेळी खिडकीपाशी सगळे जमलेले असताना तो आला. हातात निळ्या ठिपक्याचा होल्डर. तिच्या जिभेवर काय बसलं देव जाणे, ती म्हणाली, "हा तर सकाळीही आला होता. रोज थोडा थोडा वाढतो की काय?"

हसण्याचा एकच गदारोळ झाला. त्याचे कान लाल झाले. तो होल्डर घेऊन गेला, तो पुन्हा खिडकीकडे फिरकलाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा थट्टेचं काय ते मनावर घ्यायचं? खरं आहे. पण ज्या दारी माणूस श्रद्धेनं जातं, तिथलीच थट्टा जास्त लागते.

त्याच आठवड्यात पंपाच्या पंख्याचं काम लागलं. गिऱ्हाईकानं धातूचे दोनच तुकडे दिलेले. पहिला तुकडा अर्ध्यावर असताना त्याचा कटर मोडला. नवा कटर घेऊन खिडकीशी जायचं, एवढंच करायचं होतं. पण पाय उचलेना. त्यानं खिशातला कपटा काढला. मशीनमध्ये जुन्या कटरची लांबी तशीच राहू दिली, नवा कटर कामावर टेकवला आणि मोजमाप जिथून सुरू होतं ते कामाचं शून्यच जरासं सरकवून घेतलं. साध्या मशीनवर हे खपून जातं. इथेही सरळ कापेपर्यंत सारं गोड होतं. मग मशीननं डोकं कलवलं आणि प्रत्येक पात्याच्या मुळाशी पायरी पडली.

मामांनी पात्यावरून नख फिरवलं. नख अडलं. ते चिडले नाहीत, आणि तेच वाईट होतं. उद्या दुसरा तुकडा, तोही गेला तर सोमवारपासून शहराच्या पलीकडच्या जुन्या शेडमध्ये साधं मशीन, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टूलरूममधून उठली आणि पहिल्यांदाच त्याच्या मशीनपाशी गेली. बटणांच्या पाटीवर तो कपटा दुमडून ठेवलेला होता.

"नवा कटर माझ्याकडे का आणला नाहीत?"

तो फडक्यानं हात पुसत राहिला. "आधीच... पुष्कळदा आलो होतो."

मग तिला जमतं तेच ती बोलली. डोकं कललं की टोक कुठे जाईल, याचा हिशोब मशीन कटरच्या लांबीवरूनच करतं. लांबी खोटी असेल, तर सरळ कापताना चूक झाकली जाते. कललं, की उघडी पडते.

"मग माझी तर केव्हाच दिसली असेल," तो खाली बघत म्हणाला. "तुमच्या खिडकीकडे मी फारच कललो होतो."

"दिसली होती," ती हळूच म्हणाली. "म्हणून तर चिडवलं... आणा तो कटर."

तिनं लांबी मोजली, त्यानं आकडा भरला, शून्य मूळच्या जागी आणलं. मशीनचं दार सरकलं. काचेआड कटर थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या सरी कोसळू लागल्या. काचेबाहेर दोघं शेजारी शेजारी, अंगावर थेंब नाही, तरी भिजल्यासारखी. मशीननं डोकं कलवलं. तिनं डोळे मिटले. देवा, आजवर स्वतःसाठी तुला कधी त्रास दिला नाही, एवढं एक पातं गुळगुळीत येऊ दे.

मामांनी नख फिरवलं. मुळापासून टोकापर्यंत... नख लोण्यावरून गेल्यासारखं गेलं.

"कागदवाले," मामा म्हणाले, "हे मशीन आता तुझं."

सोमवारी ती ओळखीची पावलं खिडकीशी आली. ओढणी नीट झाली. तिनं होल्डर घ्यायला हात पुढे केला आणि थबकली.

"आज काय मोजायचंय?"

"काही नाही." त्यानं रिकामे तळवे दाखवले. "रोज काहीतरी उचलून आणायचो. म्हटलं, आज खरं सांगायलाच यावं. तुम्हाला बघायला आलोय... रोज येऊ का, आयुष्यभर?"

ती काही बोलायच्या आत आतून मामांचा आवाज आला, "खिडकीशी रिकाम्या हातानं कोण उभं आहे रे?"

पुढे केलेला हात तिनं मागे घेतला नाही. तो त्याच्या हातात ठेवला, आणि वळून म्हणाली,

"मामा, हात रिकामा नाहीये यांचा."