एकही फोड न खाल्लेला मुलगा

माझं नाव पुकारायला पाच मिनिटं उरली होती, आणि समोरचा मुलगा चक्क संत्रं सोलत होता!

नागपुरात धंतोलीतल्या एका शाळेचा मागचा व्हरांडा. आत वक्तृत्व स्पर्धेची पहिली फेरी चाललेली. डिसेंबरचं कोवळं ऊन, माझ्या हातात घामानं ओला झालेला कागद... आणि तो सालीचा वास!

"अहो, तुमचं भाषण आहे ना?" मला राहवलंच नाही. "मग संत्रं काय खाताय? घसा बसेल!"

त्यानं वर पाहिलं. केस तेल लावून चापून बसवलेले, पण डोळे... ते काही बसवता आले नव्हते त्याला.

"कोणं सांगतलं?"

"आत्यानं. सगळेच सांगतात."

"आमचा काटोलकडे बगीचा आहे. दिवाळीपासून घरचे सारे संत्रेच खाऊन राहिले. तुमच्या आत्याचं खरं असतं, तर आमचं सारं गाव मुकं पाहिजे होतं!" त्यानं एक फोड तोंडात टाकली. "माझी माय वावराच्या या धुऱ्यावरून हाक मारते नं, तर त्या धुऱ्यावरचे बैल उठून उभे राहतात."

मी खळखळून हसले. स्टेजवर जाण्याआधी हसणं माझ्यासाठी नवीनच होतं. मागच्या वर्षी याच स्पर्धेत मी "अध्यक्ष महाशय" एवढंच म्हणून खाली उतरले होते. यंदा मात्र ठरवलं होतं, गोपिकाबाई, बोलायचं! आणि बोलले. टाळ्या घेऊन बोलले. त्याच्या नावाचा पुकारा झाला आणि तोही बोलला – स्टेजवर अगदी पुस्तकातली भाषा, खाली उतरला की पुन्हा काटोल!

"शालिकराम?" मी नंतर म्हटलं. "आजोबांचं नाव घालून आलात का?"

"हाव नं, आजोबाचंच. अंगाले जरा ढिलं होते... पण टिकाऊ आहे."

आम्ही दोघंही अंतिम फेरीत निवडले गेलो. दहा दिवसांनी, शनिवारी. विषय ज्याचा त्यानं निवडायचा. माझा विषय तर घरातच बसला होता. प्रयागआत्याच्या मते पेरूवर पाणी प्यालं की खोकला, रात्री दही खाल्लं की ताप, केळ्यासोबत दूध घेतलं तर काय होतं ते विचारूच नका. आणि संत्रं? गळ्याचा दुश्मन! मी ठरवलं, खाण्यापिण्यातल्या गैरसमजांवर बोलायचं.

"नुसतं बोलण्यापेक्षा करूनच पाहू," मी शालिकरामला म्हटलं. "उद्यापासून मी रोज दोन संत्री खाणार. तुम्ही एकही नाही. बघू कुणाचा घसा बसतो ते."

"म्हणजे बगीचा माझा, अन् उपाशी मीच?"

"घाबरलात?"

"एका फोडीलेही हात नाही लावत, जा!"

तो वसतिगृहात राहायचा, घरून दर रविवारी संत्र्यांची पेटी यायची. रोज शाळा सुटली की वाचनालयाच्या बाकावर तो दोन संत्री घेऊन हजर. सोलायचाही तोच. साल एकाच लांब पट्टीत निघायची. मग पांढरे धागे एकेक करून काढायचा, फोडी सालीवरच मांडायचा आणि माझ्यापुढे सरकवायचा.

"वास घेतला तर चालते का?" एके दिवशी त्यानं विचारलं.

"चालेल."

त्यानं बोटं नाकाशी नेली, डोळे मिटले. "वर्षभर वाट पाहतो मी या दिवसांची..."

"मग मोडा ना पैज! मी कुणाला सांगणार नाही."

"ना." त्यानं डोळे उघडले नाहीत. "तुमचं भाषण खोटं पडंल."

त्या दिवशीची संत्री जरा जास्तच गोड होती... की मलाच तसं वाटलं?

मंगळवारी मी पकडले गेले. आत्या सोमवारपासूनच मफलर गुंडाळून खोकत होती, पण नाक शाबूत होतं.

"गोपे! हाताले संत्र्याचा वास काहून येऊन राहिला वं?"

मी हात पाठीमागे लपवले.

"घसा बसला नं, तर याद ठेव! भाषणबिषण बंद. तुह्या बापाले मीच सांगतो."

आणि बाबा आत्याचा शब्द कधीच मोडत नाहीत. म्हणजे एक घसा बसला, की माझं बोलणं कायमचं बसणार! आत्ता कुठे तर मला आवाज फुटला होता...

गुरुवारी मला शिंका सुरू झाल्या. शनिवारी सकाळी आरशासमोर "अध्यक्ष महाशय" म्हटलं, तर आवाज आला जुन्या फाटकासारखा – कर्रर्र!

"सांगतलं होतं नं?" मफलरमधून आत्या म्हणाली. "हे शेवटचं. चाल, मीबी येतो संगं."

व्हरांड्यात शालिकराम उभा होता. मी मान खाली घालून कुजबुजले, "हरले मी. घसा बसला."

तो काहीतरी बोलला. म्हणजे ओठ हलले, आणि कर्रर्र!

"तुम्ही खाल्लीत!"

"मायची आण," तो कसाबसा म्हणाला, "एकही फोड नाही."

मी बोटांवर मोजलं. सोमवारी आत्या, गुरुवारी मी, शनिवारी हा. आत्याची सर्दी मला, माझी याला... संत्रं बिचारं मध्ये कुठेच नव्हतं!

"म्हणजे माझीच सर्दी लागली तुम्हाला."

"लागू द्या." तो हसला. "तुम्ही दिलेली पहिलीच वस्तू आहे."

आणि माझं नाव पुकारलं गेलं.

आवाज फाटका होता, पण यंदा मी 'अध्यक्ष महाशय'वर थांबले नाही. "गेले नऊ दिवस मी रोज दोन संत्री खाल्ली," मी म्हणाले, "आणि आज माझा घसा बसलाय." हॉलभर 'बघा, बघा' अशी कुजबुज झाली. "पण माझा एक साक्षीदार आहे. घरी बगीचा असून त्यानं एकही फोड खाल्लेली नाही. शालिकराम, सांगाल?"

परीक्षकांनी पेन्सिल उचलली. "दुसऱ्याच्या भाषणात स्पर्धकानं बोलायचं नाही. बोलल्यास त्याचं नाव रद्द होईल."

मला हा नियम ठाऊकच नव्हता! मी मान हलवून खुणावलं – नको, बसा... त्याचं भाषण माझ्यानंतर होतं. त्यानं परीक्षकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ताठ उभा राहिला.

"एकही फोड नाही!"

सगळं सभागृह हसलं. इतका घोगरा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. पेन्सिल कागदावर फिरली. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून त्याहून घोगरा आवाज आला.

"मीनं तर यंदा एकबी नाही खाल्लं बाप्पा!"

आत्या! बोलून गेली आणि मग तिच्या ध्यानात आलं. पदर तोंडावर. हॉलमध्ये टाळ्या थांबेचनात.

मला दुसरा नंबर मिळाला. पहिल्या नंबरची ढाल दुसऱ्याच शाळेत गेली. बाहेर आल्यावर आत्यानं शालिकरामला नीट न्याहाळलं, त्याच्या पिशवीत हात घालून एक संत्रं काढलं.

"घसा तर असाही बसलाच आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पुढच्या भाषणाले मफलर घालून जाजो वं." आणि सोलत सोलत रिक्षा पाहायला फाटकाकडे गेली.

"स्पर्धेतलं नाव का घालवलंत?" मी त्याला विचारलं.

"नाहीतर तुमचं भाषण खोटं पडलं असतं."

पिशवीत एकच संत्रं उरलं होतं. या वेळी मी सोललं. सालीचे तुकडे तुकडे झाले, रस मनगटापर्यंत ओघळला, धागे तसेच राहिले. पहिली फोड मी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती खाल्ली, डोळे मिटून, सावकाश...

"माझं भाषण राहिलंच," तो म्हणाला. "म्हणू का? एकच वाक्य आहे."

"म्हणा."

तो म्हणाला. आवाज म्हणजे नुसती पानांची सळसळ.

"काय? ऐकू नाही आलं."

त्यानं पुन्हा म्हटलं. कान लालेलाल.

"जरा मोठ्यानं..."

तिसऱ्यांदा म्हटलं. खरं सांगू? मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. घसा त्याचा बसला होता, कान माझे नव्हे!

तो चौथ्यांदा तोंड उघडणार, तेवढ्यात मी दुसरी फोड पुढे केली.

"तुम्ही खा. आता बोलायचा नंबर माझा."