पाच चुकीचे पासवर्ड

"राजीनामा मी देणार नाही म्हणजे नाही!"

दारातून आत येता येता ताईनं पिशवी टेबलावर आपटली. एक्स्चेंज मावशींनी चष्मा वर केला. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्यावर मावशी आता लोकांच्या भानगडी सोडवत. त्यांचा भाचा स्कूटर चालवी आणि न चुकता चुकीचे तर्क करी.

ताई एका रक्ततपासणीच्या लॅबचा सर्व्हर सांभाळायची. बाहेरचे चोर प्रोग्रॅम त्यावर दिवसाला हजारो पासवर्ड टाकून बघत. म्हणून शनिवारी तिनं एक पहारेकरी प्रोग्रॅम बसवला होता. ज्या कनेक्शनवरून पाच वेळा चुकीचा पासवर्ड येईल, त्याला तीन तास दार बंद.

"आणि आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यानं आमच्याच लॅबला बाहेर काढलं. अख्ख्या लॅबचं कनेक्शन एकच, त्यामुळे सगळेच अडकले. बारापर्यंत एक रिपोर्ट निघाला नाही. सोमवारी माझी पाळी बाराला सुरू होते. कुणी मला फोन केला असता तर दोन मिनिटांत उघडून दिलं असतं! मॅनेजर म्हणतात, मीच घरून मुद्दाम केलं. लॅबच्या मालकीण डॉक्टरबाईंनी राजीनाम्यासाठी पाचपर्यंत मुदत दिलीय."

"पासवर्ड कुणाच्या नावावर टाकले?"

"माझ्याच! ॲडमिनच्या, म्हणजे सर्व्हरवर सगळे हक्क असलेल्या."

"मग तुझ्यावरच येणार की," भाचा म्हणाला. मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं मुकाट्यानं हेल्मेट उचललं.

लॅबमध्ये आधी टायपिस्ट भेटली.

"नऊला उघडलं तेव्हा मी आणि मॅनेजरसाहेब, दोघंच होतो. साडेनऊपर्यंत तिसरं कुणी नव्हतं. आल्या आल्या एका पेशंटचा फोन आला, रिपोर्ट भलत्याचाच मिळालाय म्हणून. तो साहेबांना दिला आणि नमुन्यांचा फ्रिज तपासायला गेले. परत येऊन बघते तर सर्व्हर उघडेना."

"इंटरनेटच बंद पडलं होतं?"

"छे! लॅबच्याच इंटरनेटवर माझी गाणी मस्त वाजत होती."

मॅनेजर घसा धरूनच बसले होते. "अकरापर्यंत इंटरनेट कंपनीशी भांडत होतो. लाइन मेली म्हणून ओरडून घसा बसला! साडेदहाला बघितलं तर त्रेचाळीस रिपोर्ट अडकलेले. त्रेचाळीस माणसं खोळंबली, बाई!"

"शनिवारी ताईनं पहारेकऱ्याची सूचना दिली होती, ती वाचली होतीत?"

"असे छप्पन्न कागद येतात. सही करून मोकळा होतो."

"साधा माणूस आहे हो," बाहेर येऊन भाचा हळहळला.

पावणेपाचला सगळे डॉक्टरबाईंच्या खोलीत जमले. टेबलावर राजीनाम्याचा कागद आणि पेन तयारच होतं. ताईनं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"ताईनं घरून उद्योग केला असता," मावशी म्हणाल्या, "तर पहारेकऱ्यानं तिच्या घरचं कनेक्शन बंद केलं असतं. बंद झालं लॅबचं. म्हणजे पासवर्ड टाकणारा इथंच बसला होता. आणि तेव्हा इथं दोघंच होते."

"मग हीच!" मॅनेजरांनी टायपिस्टकडे बोट दाखवलं. भाच्यानं मान डोलावली.

"साहेब, साडेदहाला त्रेचाळीस रिपोर्ट कुठं मोजलेत?" मावशींनी विचारलं.

"सर्व्हरवरच की."

"तो तर बारापर्यंत लॅबमधून कुणालाच उघडत नव्हता."

मॅनेजरांचा चेहरा उतरला.

"मोबाइलच्या इंटरनेटवरून उघडलात. त्यात गुन्हा नाही. पण शेजारी अडकलेल्या पोरीला तेवढी युक्ती सांगितली नाहीत. ताईला फोन केला नाहीत. सर्व्हर चालू आहे हे डोळ्यांनी बघूनही अकरापर्यंत लाइन मेली म्हणून ओरडत राहिलात. दार फक्त लॅबला बंद आहे हे कळलं असतं, तर आतल्याच कुणी ते वाजवलं हेही कळलं असतं."

ताईनं लॅपटॉप फिरवला. दहा अठ्ठावीस, मॅनेजरांचं नाव, मोबाइल कनेक्शन.

"पण पासवर्ड शोधून करायचं काय होतं यांना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सकाळी एका पेशंटचा फोन आला होता, रिपोर्ट भलत्याचाच मिळालाय म्हणून. दोन पेशंटचे रिपोर्ट अदलाबदल झाले. ते तपासून पुढे पाठवायचं काम कुणाचं?"

"यांचंच. यांच्या मंजुरीशिवाय रिपोर्ट जात नाही."

"न वाचता मंजूर केले. ती नोंद पुसायला ॲडमिनचा पासवर्ड हवा, म्हणून यांनी अंदाजानं पाच टाकून बघितले. पाचाला दार बंद होतं, हे शनिवारच्या कागदावर लिहिलं होतं. त्यावरही साहेबांची सही आहे, तीही न वाचता केलेली."

"एवढ्याशा चुकीसाठी..." मॅनेजर पुटपुटले.

ताई ताडकन उठली. "एवढीशी? कुणी दुसऱ्याचा रिपोर्ट बघून औषध घेतलं असतं म्हणजे? आणि चूक तुमची, पोटावर पाय माझ्या? बरं आहे की!"

डॉक्टरबाईंनी आधी दोन्ही पेशंटना स्वतः फोन लावले. दोघांनीही अजून औषध सुरू केलं नव्हतं. मग त्यांनी मॅनेजरांना बाहेर थांबायला सांगितलं आणि राजीनाम्याचा कागद टराटरा फाडला.

"चुकलं माझं, ताई. पण तो पहारेकरी जरा सैल कर. पाचाऐवजी दहा संधी दे."

"सैल? आज त्याच्यामुळेच ती नोंद वाचली. आता पाच नाहीत, तीन!" ताईनं तिथल्या तिथं नवी सूचना टाइप केली आणि छापून डॉक्टरबाईंपुढे ठेवली.

डॉक्टरबाईंनी सवयीनं पेन उचललं. ताईनं कागदावर हात ठेवला.

"आधी वाचा."

भाच्यानं श्वास रोखला. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.