झाली का चाचणी?

लाइट गेली की आमच्या मोठ्या मामाच्या अंगात येतं. गच्चीवर चटई टाकतो, मला आणि ढब्बूला (ढब्बू म्हणजे त्याचंच पोरगं, माझा मामेभाऊ) शेजारी बसवतो आणि सुरू होतो. त्या रात्री मी आधीच सांगून टाकलं, "मामा, पांढऱ्या साडीवाली असेल तर मी चाललो खाली झोपायला."

"साडीचा रंग मला माहीत नाही," मामा म्हणाला. "पण माणूस माझ्या ओळखीचा आहे. गप ऐक."

हा ओळखीचा माणूस म्हणजे टेपवाला. कमरेला कायम मोजायची टेप. नोकरी अशी, की स्टेशनांवर जायचं आणि लोकांच्या सोयी तपासायच्या. नळाला पाणी आहे का, बाकडी हलतात का, संडासाला कडी आहे का.

"मस्तय की!" ढब्बू म्हणाला. "कड्या लावून बघायचा पगार!"

"तुला तेही जमायचं नाही. आतच अडकून बसशील," मी म्हटलं.

मामा हसला नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरातला शेवटचा शनिवार. आमच्या नव्या क्लासजवळचं, भर बाजारातलं स्टेशन. टेपवाला जोडीदाराला घेऊन संध्याकाळी आला. सगळं ठीकठाक होतं. लिफ्ट तर नवी कोरी, आत म्हाताऱ्या माणसांसाठी भिंतीला घडीची सीट. बसलं की खाली, उठलं की स्प्रिंगने खट्‌कन वर. टेपवाल्याला एवढी आवडली, की लहान पोरासारखा उठबस करत राहिला.

शेवटी राहिली लिफ्टमधली धोक्याची बेल. जोडीदाराने आतून दाबायची, याने वॉचमनच्या खोलीत बसून ऐकायची. वॉचमनला याने बजावलं, "आज रात्री बेल वाजली तर उठू नकोस. आम्हीच आहोत."

बेल वाजली. टेपवाल्याने लिफ्टला जोडलेल्या फोनचा रिसिव्हर उचलला, समोरचं काही ऐकून न घेताच म्हणाला, "चाचणी आहे, चाचणी! झकास वाजतेय!" आणि ठेवून दिला. तेवढ्यात शेवटची गाडी लागली. दोघंही पळत सुटले.

गाडीत जोडीदार म्हणाला, "अरे, गडबडीत बेल राहिलीच की दाबायची."

ढब्बू पुढे सरकला.

"मग?"

"मग काय. पुढच्या स्टेशनावर उतरता आलं असतं. वॉचमनला फोन करता आला असता. पण घरी गरम जेवण होतं. आणि आपण घोळ घातला हे सांगायची लाज वाटली. म्हणाला, असेल एखादं कार्टं, बेल वाजवून पळालं असेल."

मी ढब्बूकडे बघितलं नाही. त्यानेही माझ्याकडे नाही.

सकाळी झाडूवाल्याने लिफ्ट उघडायला लावली. मध्येच अडकली होती. आत एक आजी. त्या घडीच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन, नीट बसलेली. गार. वॉचमन म्हणाला, बेल रात्रभर वाजत होती... पण साहेबच म्हणाले होते ना, उठू नकोस.

वॉचमनची नोकरी गेली. टेपवाला गप्प राहिला.

गेल्या वर्षी त्याला परत तिथेच पाठवलं. तोच शनिवार. लिफ्ट तेव्हापासून बंद, वीज तोडलेली. शेवटची गाडी गेली. टेपवाला नव्या वॉचमनच्या खोलीत बसून आवराआवर करत होता.

बेल वाजली.

वॉचमन म्हणाला, "साहेब... तिला तर लाइटच नाही."

परत वाजली. हळूच. कुणाला त्रास नको, अशी.

टेपवाल्याने रिसिव्हर उचलला.

कुणी बोलेना. नुसता श्वास. मग एक म्हातारा आवाज...

"साहेब... झाली का चाचणी?"

...

"मी... उठू का आता?"

ढब्बू माझ्या अंगाला येऊन चिकटला.

"काय म्हणाला तो?" ढब्बूचा आवाज पार बारीक झालेला.

"काही नाही. रिसिव्हर ठेवला. घरी गेला."

"अहो बाबा, हो म्हणायचं ना! उठा म्हणायचं!"

"हं," मामा म्हणाला. "लिफ्ट आता चालू केलीय. पण ती सीट वर जात नाही. स्प्रिंग नवी घातली. तरी नाही."

आता मामाला कुणी सांगू नका, पण ती बेल दाबून धूम ठोकायचा शोध माझा. क्लास लागल्यापासून त्या बिचाऱ्या वॉचमनला आम्ही नुसतं पळवलंय. त्याचं पोट हलताना बघून हसलोय.

दुसऱ्या दिवशी दोघं स्टेशनावर गेलो. आमची पावलं ऐकूनच वॉचमन खोलीतून ओरडला, "दाबा रे, दाबा! मी आता कुणासाठीच उठत नाही!"

ढब्बूने मला कोपराने ढोसलं. "जा, सांग त्यांना. तूच जास्त दाबलीयस."

मी खोलीकडे न जाता लिफ्टकडे वळलो.

लिफ्टचं दार उघडलं. आत कुणी नाही. सीट खाली.

मी हात घालून वर ढकलली.

जड होती.